साडेचार चटयांत शेगडी

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मित्सुएबाईंनी नवऱ्यापुढे मिसोच्या सुपाचा वाडगा ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, यंदाची थंडी काही माझ्याच्यानं सोसवायची नाही. पहिला बर्फ पडला की मी लेकीकडे, चिहारुकडे, नुमाझूला जाते. समुद्राकाठी ऊब असते. वसंतात येईन परत."

कुरोइवासाहेब त्या वेळी सुपात मीठ कालच्यापेक्षा जास्त आहे की कमी, याचा निवाडा करत होते. मार्चमध्ये ते निवृत्त झाले. गावच्या कार्यालयात, बांधकाम परवाना विभागात, त्यांनी अडतीस वर्षं काढली होती आणि सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का एक बोट तिरका उमटला म्हणून अर्ज परत करणारा माणूस असा त्यांचा खोऱ्यात लौकिक होता. माणूस निवृत्त होतो, लक्ष निवृत्त होत नाही. मसाल्यांच्या बरण्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लागल्या. शीतकपाटाचं दार किती सेकंद उघडं ठेवावं याची सूचना दारावरच चिकटली. तांदूळ कितीदा धुवावेत यावर चर्चा होऊ लागली, म्हणजे साहेब बोलू लागले. मित्सुएबाई बाजाराला निघाल्या की साहेब बूट चढवून दारात उभे. बायकोला एकटं वाटू नये, एवढाच हेतू.

आणि आता ही बाई वसंतापर्यंत जाते म्हणत होती! लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यांत ते बायकोवाचून फार तर पाच-सहा रात्री राहिले असतील, त्याही कार्यालयाच्या सहलीत, गरम पाण्याच्या झऱ्यावर, साकेच्या भरात. भाताच्या कुकरचं कोणतं बटण दाबायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते खरं कारण नव्हे. ती नसलेल्या घरात आपण काय करू, हे त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना आणि त्याची भीती वाटली. पण सरकारी माणूस भीती वाटली असं म्हणत नाही, समस्या उद्भवली असं म्हणतो. समस्येला उपाय असतो. थंडीला उपाय ऊब. साहेबांनी वाडगा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "आपण लाकडाची शेगडी बसवू."

"कशाला उगीच?" मित्सुएबाई म्हणाल्या.

"बर्फाच्या आत बसवू," साहेब म्हणाले. निर्णय झाला की ते कारणं ऐकत नसत.

आता शेगडी म्हणजे काय, तर काचेच्या दाराची, बिडाची, दीड माणसाच्या वजनाची पेटी आणि तिला छपरापार जाणारं धुराडं. ती ठेवायला घरात जागा हवी. तिथं खोलीचं माप जमिनीवरच्या गवती चटयांत. आठ चटयांच्या बैठकीत बाहेरची भिंत नव्हती. वरच्या मजल्याला तेवढं वजन पेललं नसतं. राहिली मागची साडेचार चटयांची खोली. या खोलीबद्दल बोलावं तेवढं थोडं. एका कोपऱ्यात वरून जिना उतरलेला, त्यामुळे तिथं छत असं तिरकं की उभं राहायला जावं तर टाळूवर टेंगूळ. एका भिंतीला साहेबांच्या आईवडिलांच्या तसबिरींचा देव्हारा. एका बाजूला कागदाची सरकती दारं. चौथी बाजू बाहेरची भिंत. आणि सगळ्यात कहर म्हणजे मध्यभागापासून दोन हात सरकलेला एक खांब, जो साहेबांच्या आजोबांचं आणि सुताराचं भांडण झालं त्या दिवशी उभा राहिला आणि मग कुणाची हलवायची छाती झाली नाही. कागदाची दारं, गवताच्या चटया, लाकडाचा खांब. म्हटलं तर खोली, म्हटलं तर सरपण.

शेगडीवाले फुजिमोरी आले. बोलायला कमी, कामाला चोख. त्यांची एक खोड होती. अडचण दिसली की ते दातांतून हवा आत ओढत. अडचण लहान असेल तर थोडी हवा, मोठी असेल तर पुष्कळ. साडेचार चटयांच्या दारात उभे राहून त्यांनी इतकी हवा आत ओढली की देव्हाऱ्यावरची उदबत्तीची राख हलली.

"जरा अवघड आहे," ते म्हणाले.

जपानात कुणी जरा अवघड आहे म्हटलं की पाहुण्यानं टोपी घालावी आणि घरी जावं. हे वाक्य साहेबांनी स्वतः अडतीस वर्षं खिडकीपलीकडच्या लोकांच्या तोंडावर मारलं होतं. त्यातून गोठा, गॅरेज, नातवाचा झोपाळा, काही म्हणून सुटलं नव्हतं. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, "अवघड आहे ना? मग अशक्य नाही!"

फुजिमोरींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फीत काढली. "जळण्यासारख्या प्रत्येक वस्तूपासून शेगडी एक मीटर लांब पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर मध्ये न जळणारी पाटी, आणि पाटीमागे चार बोटं हवा." बाहेरच्या भिंतीचा ईशान्य कोपरा त्यातल्या त्यात बरा होता. तिथं खडूनं खूण झाली.

संध्याकाळी वाडीचे प्रमुख आरुगा आले. गटारांची सफाई, वाडीचा उत्सव, कुणाच्या कुत्र्यानं कुठं घाण केली, हे सगळं त्यांच्या अखत्यारीत. खडूची खूण पाहून त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, ईशान्येला? भुतांच्या वेशीत अग्नी?"

"मी असल्या गोष्टी मानत नाही," साहेब म्हणाले.

"मीही नाही मानत. आमच्या मेव्हण्यानंही मानलं नव्हतं. ईशान्येला न्हाणी बांधली."

"मग?"

"मग काही नाही. बरा आहे तो. लंगडतो थोडा."

साहेब मानत नव्हते, पण शेगडी खोलीच्या मध्याकडे दोन हात सरकली. मध्याकडे आली ती बरोबर आईच्या तसबिरीसमोर. आई हयात असताना तिला उन्हाळा सोसत नसे. साहेबांना वाटलं, तसबिरीतून ती आपल्याकडे रागानं बघते आहे. शेगडी पुन्हा एक हात सरकली, तर खांब आडवा आला. खांबाला पाटी लागली, पाटीमागे चार बोटं हवा. फुजिमोरी दर वेळी येत, हवा ओढत, खडू पुसत. मित्सुएबाई प्रत्येकाला चहा देत होत्या. एकदाच त्यांनी आपल्या कपाटातून प्रवासाची पेटी काढून पुसून ठेवली. ती पाहून साहेबांनी फुजिमोरींना फोन करून काम लवकर उरका म्हणून बजावलं.

मग परवाना. साहेब छाती काढून कार्यालयात गेले. आपल्याच खुर्चीत आता कामिजो बसलेला, साहेबांनीच हाताखाली घडवलेला. "या साहेब, या!" म्हणत तो तीनदा कमरेत वाकला, चहा मागवला, प्रकृतीची चौकशी केली आणि अर्ज परत केला.

"काय चुकलं?" साहेबांनी विचारलं.

"शिक्का जरासा तिरका आहे, साहेब."

"अरे, एवढासा!"

"आपणच शिकवलंत ना, साहेब. आज शिक्का तिरका, उद्या भिंत तिरकी." मग त्यानं आणखी एक कागद पुढे सरकवला. "आणि ही शेजाऱ्यांची संमती राहिली. समोरची तीन घरं, बाजूची दोन. पाच शिक्के. हा नियमही आपल्याच काळातला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. हा कागद साहेबांनी स्वतः एका रविवारी घरी बसून तयार केला होता आणि त्याबद्दल त्यांना कार्यालयानं एक पेन दिलं होतं. बाहेर पडताना खिडकीशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना ओळखलं. त्याच्या गोठ्याचा अर्ज साहेबांनी चार वेळा परत केला होता. तो नुसता सरकला आणि बाकावर त्यांच्यासाठी जागा केली. कामिजोनं नकार दिला त्याहून साहेबांना हे जास्त लागलं.

शिक्का मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत. साहेबांनी पाच पंचे कागदी पट्ट्यांत बांधून पाच घरी नेऊन दिले. पंचा मिळालेलं घर गप्प बसत नाही. कुणी लोणच्याचा वाडगा पाठवला, कुणी मुळे. मुळ्यांच्या बदल्यात चहाची पुडी गेली, पुडीच्या बदल्यात सफरचंदं आली. पण चार शिक्के मिळाले. साहेब खुशीत आले. तेवढ्यात आरुगांना मदत करायची हुक्की आली.

वाडीत घरोघर फिरणारी सूचनांची पाटी असते. ही वाचायची, सही करायची आणि शेजारी द्यायची. आरुगांनी तिच्यावर कचरा उचलायच्या वारांखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, कुरोइवासाहेबांना सरपण हवं आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी सहकार्य करावं.

आता या खोऱ्यात ज्याच्याकडे नकोसं लाकूड नाही असं घर नाही. सफरचंदांच्या बागांची छाटणी असते, पडके गोठे असतात, आजोबांनी ठेवलेल्या फळ्या असतात, आणि जाळायला बंदी म्हणून सगळं तसंच कुजत पडलेलं असतं. तीन दिवस साहेबांच्या दारात लहान ट्रकांची रांग लागली. सफरचंदाच्या फांद्या आल्या. फुटकी लाकडी न्हाणी आली. आरुगांनी स्वतःच्या जुन्या संडासाच्या फळ्या आणल्या, "धुतल्यात चांगल्या," असं सांगून. पलीकडच्या गल्लीतली एक विधवा नवऱ्याचं कपाट घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यांचं होतं. जाळा एकदाचं."

नको म्हणायची सोय नव्हती. भेट परत करणं म्हणजे शत्रुत्व. साहेब प्रत्येकापुढे वाकत होते आणि घरातून चहाच्या पुड्या संपत होत्या. शिवाय देणारे नंतर फेऱ्या मारायचे, आपलं लाकूड कुठं ठेवलंय ते पाहायला. संडासाच्या फळ्या तळाशी गेल्या म्हणून आरुगा दोन दिवस तुटक बोलत होते. शेवटी ढीग कुंपणाच्या वर गेला. फुजिमोरींनी त्यातलं एक लाकूड हातात घेऊन वास घेतला, आणि किती हवा ओढली म्हणता!

"ओलं आहे," ते म्हणाले. "हे दोन वर्षांनी जळेल."

"आणि यंदा?"

"यंदा सुकं विकत घ्या."

भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ते असं. आणि कुत्रं आवरायच्या आत पाचवा शिक्का अडकला. पाचवं घर मोमोसेआजींचं, साडेचार चटयांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे. वय एक्क्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून. त्यांच्या वळचणीला केशरी माळा टांगलेल्या, सोलून वाळायला घातलेल्या काकी फळांच्या. खोऱ्यात त्या माळांना मान होता. साहेबांच्या ढिगानं त्यांचं ऊन अडवलं आणि दोन माळांना बुरशी धरली.

साहेब कागद घेऊन गेले तेव्हा आजींनी बुरशी धरलेलं फळ त्यांच्या हातावर ठेवलं.

"खा."

"आजी, मी दिलगीर..."

"अरे तेइजी, तू चड्डीत होतास तेव्हापासून बघतेय तुला. माझी कोंबडी तुमच्या अंगणात आली तर तू तिची तक्रार लिहून आणली होतीस. सात वर्षांचा होतास." आजी खाली बसल्या. "शेगडी कशाला हवी तुला?"

"मित्सुएला थंडी सोसत नाही. ती नुमाझूला जाते म्हणते."

आजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "थंडी होय? पहिली तीस वर्षं सोसली ती?"

"वय झालं की..."

"वय नव्हे रे. आमच्यात निवृत्त नवऱ्यांना ओली पानं म्हणतात, ठाऊक आहे? केरसुणीनं झाडावं तर आणखी चिकटतात. आमचे हे तसेच होते. सहा वर्षं माझ्या पदराला चिकटून होते. बरे होते बिचारे. मी रोज दुपारी देवळात जायची. भक्ती म्हणून नव्हे हो."

साहेबांना वाटलं, म्हातारपणी माणूस विषय सोडून बोलतो. त्यांनी कागद पुढे केला. आजींनी उसासा टाकला आणि अटी सांगितल्या. ढीग आजच्या आज कुंपणापासून हलला पाहिजे, आणि धुराडं या भिंतीतून निघता कामा नये. "माझ्या फळांना तुझ्या धुराचा वास नको."

अटी मान्य झाल्या, पाचवा शिक्का मिळाला. पण ढीग हलवायचा कुठं? अंगणात दुसरी जागा नाही, बाहेर टाकावं तर देणारे पाहतील. लाकडं घरात आली. आठ चटयांच्या बैठकीत भिंती धरून रचली, मग मधे रचली, आणि शेवटी कोतात्सुवर रचली. कोतात्सु म्हणजे बुटकं टेबल, त्याच्याखाली विजेची ऊब, वरून दुलई. हिवाळ्यात अख्खं घर त्यात पाय घालून बसतं. तो दिसेनासा झाला. मित्सुएबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता आपण बसायचं कुठं?"

"शेगडीपाशी!" साहेब म्हणाले. "दोघं. काचेतून जाळ बघत." हे चित्र त्यांनी मनात इतक्यांदा पाहिलं होतं की त्यातल्या बायकोच्या हातातला कपसुद्धा त्यांनी निवडून ठेवला होता.

धुराडं आता भिंतीतून न जाता खोलीतूनच वळून, जिन्याच्या तिरक्या छताला वळसा घालून, मागच्या बाजूनं छपराबाहेर गेलं. वळणाला पाटी, पाटीमागे चार बोटं हवा. कागदी दारांच्या आतून पाटी, चार बोटं हवा. देव्हाऱ्याला आडोसा. शेगडीखाली दगडी फरशी. फरशीशेजारी सुक्या लाकडांची पेटी. नोव्हेंबर संपता संपता काम पुरं झालं. कामिजो स्वतः तपासणीला आला, फीत लावून पाहिली, सगळं नियमात होतं. त्यानं शिक्का मारला, सरळ, आणि जाताना म्हणाला, "साहेब, इतकी निर्दोष खोली मी पाहिली नाही. फक्त बसायचं कुठं ते कळलं नाही."

साहेब खोलीत शिरले. खांबाच्या पाटीपासून लाकडाच्या पेटीपर्यंत, धुराड्याच्या वळणाखाली डोकं लागणार नाही असा, एक चौकोन उरला होता. त्यांनी त्यावर बसायची उशी ठेवली. ती बसली. दुसरी ठेवली, तर ती अर्धी फरशीवर. फुजिमोरींनी या वेळी हवा ओढली नाही. नुसतं डोकं हलवलं.

"पाळ्या लावू," साहेब म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत वेळापत्रक तयार झालं. नऊ ते दहा मित्सुए, दहा ते अकरा तेइजी, शिवाय जेवणाची सुट्टी. त्याखाली दोन शिक्क्यांसाठी जागा होती. मित्सुएबाईंनी शिक्का मारला नाही. त्या म्हणाल्या, "ठेवा तिथंच. बघते."

डिसेंबरच्या चौथ्या दिवशी दुपारी बर्फ पडला. साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि धावत जाऊन शेगडी पेटवली. चार काड्या वाया गेल्या. मग जाळ धरला, काच केशरी झाली, बीड तापायला लागलं. मित्सुएबाई आल्या. आत गेल्या, वाकून वळण चुकवलं आणि उशीवर बसल्या. बराच वेळ त्या जाळाकडे बघत राहिल्या. साहेब उंबऱ्यात उकिडवे बसले, त्यांचे गुडघे आत आणि पाठ घरातल्या बोळात.

"गाडी साडेचारची आहे ना?" साहेबांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"होती."

"मग? राहतेस?"

मित्सुएबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, रागावू नका. मार्चपासून या घरात तुम्ही नाही अशी एक जागा राहिली नव्हती. स्वयंपाकघरात तुम्ही, बाजारात तुम्ही. मी न्हाणीत जास्त वेळ राहिले तर बाहेरून मिनिटं सांगायला तुम्ही. मला थंडी कधीच वाजत नव्हती."

अडतीस वर्षांत लोक त्यांना सभ्य कारणं सांगत आले होते आणि त्यांनी एकाही कारणावर विश्वास ठेवला नव्हता. विश्वास ठेवला तो या एकावरच! आग रामेश्वरी आणि आपण दोन महिने बंब सोमेश्वरी ओढत नेत होतो, हे त्यांना तिथं, उंबऱ्यात, उकिडवं बसल्या जागी कळलं.

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"असं कुणी सांगतं का?" मित्सुएबाई म्हणाल्या, आणि मग, अगदी मनापासून, "पण खोली छान झालीय हो. अगदी एकाच माणसाची. इतकी छान की आता कुठं जायचं काही कारणच नाही."

"म्हणजे जात नाहीस?"

"नाही. गुडघे काढा, दार लावायचंय. ऊब जाते."

साहेबांनी गुडघे काढले. दार सरकलं. बोळात चांगलाच गारठा होता. बैठकीत पाऊल ठेवायला जागा नव्हती, कोतात्सु सफरचंदाच्या फांद्यांखाली गडप. आपला फार मोठा अपमान झाला आहे, असं त्यांना पहिली काही मिनिटं वाटलं, आणि कुणाकडे अर्ज करावा हेही सुचेना. मग आतून गुणगुणणं ऐकू आलं. मित्सुए गात होती. हळू, सूर थोडा चुकत होता. किती दिवसांत ऐकलं नव्हतं ते त्यांनी मोजायला घेतलं आणि मार्चपाशी येऊन थांबले.

समोरच्या दारावर टकटक झाली. मोमोसेआजी छत्री झटकत आत डोकावल्या. "काय रे तेइजी, गेली का?"

"नाही," साहेब म्हणाले. "आत आहे."

"मग तू बाहेर काय करतोस?"

साहेबांनी थोडा विचार केला. "आजी," ते म्हणाले, "हळू बोला. तिला त्रास होईल."

आजींनी डोळे बारीक करून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक सुकं काकी फळ त्यांच्या हातात दिलं आणि गेल्या. साहेबांनी कोट चढवला, त्यावर दुसरा कोट चढवला आणि बंद दाराच्या या बाजूला, बायको घरात आहे म्हणून खूश होऊन, कुडकुडत बसून राहिले.